जानेवारीतलं दार

आमच्या राजापूरकडच्या घरी तोरण कोणी उतरवत नसे. दसऱ्याला बांधलेली आंब्याची पानं दिवाळीत कडक होत, संक्रांतीला तपकिरी, आणि शिमग्याच्या सुमाराला एखादं पान दूधवाल्याच्या टोपीवर पडून आपली आपण सुटका करून घेई. उरलेली सुतळी पाडव्याच्या नव्या तोरणाखाली गडप. तोरण उतरवायची तारीख असते, आणि ती टळली तर शेजारी बोलणं टाकत नाहीत पण हसण्यातले दोन दात कमी करतात, हे मला न्यू जर्सीत आल्यावर कळलं.

आमच्या गल्लीत दाराचा रंग असोसिएशन ठरवते. दाराशेजारचा दिवा, टपालपेटी, पायरीचा दगड, सगळं असोसिएशन ठरवते. दारावर काय टांगायचं एवढंच स्वातंत्र्य घरमालकाला उरतं आणि त्यावर अख्खी गल्ली नजर ठेवते. नोव्हेंबरच्या शेवटी प्रत्येक दारावर सूचिपर्णी फांद्यांचं गोल कडं चढतं. त्याला रीथ म्हणतात. आमच्याही दारावर चढतं, कारण मुलीच्या शाळेचा बँड पैसे उभे करायला रीथ विकतो आणि ती घेतली नाही तर घरात ट्रम्पेट वाजतं. घेतली तरी वाजतं. तो भाग वेगळा.

या रीथ पुष्कळदा मेन राज्यातून येतात. तिथल्या बाल्सम फरच्या फांद्यांचे शेंडे शरद ऋतूत दोनचार कडक हिमरात्री झाल्यावरच खुडतात, कारण थंडी खाल्ली की सुया फांदीला घट्ट धरून राहतात. आमच्या दारावर त्या अजिबात धरून राहत नाहीत. आमच्या लाकडी दाराच्या पुढे काचेचं दुसरं दार आहे, स्टॉर्म डोअर. ऊन काचेतून आत शिरतं आणि दोन दारांच्या मधे अडकतं. बाहेर शून्याखाली पाच आणि मधल्या पोकळीत रत्नागिरी. नाताळ उलटेपर्यंत रीथची पापडी होते आणि दार उघडलं की सुया सरसर आत येतात.

ख्रिस्ती परंपरेत नाताळचा सण बारा दिवसांचा. 6 जानेवारीला एपिफनी. तोवर सजावट उतरवली नाही तर वर्षभर अपशकुन, अशी जुनी इंग्रजी समजूत. काही जण 2 फेब्रुवारीच्या कँडलमसपर्यंत सवलत घेतात, नाताळ धरून तो चाळिसावा दिवस. मला यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, अष्टमीला कोणी वाण घेऊन दारात आलं तर आपणही जरा निरखूनच बघू. अडचण वेगळीच आहे. रीथ काढली की दार बोडकं दिसतं आणि जानेवारीत बोडकं दार इथे शोभत नाही. मग तिथे ‘विंटर’ टांगायचं.

या विंटरचे नियम कुठे लिहिलेले नाहीत. मला ते समोरच्या घरातल्या बाईंनी सांगितले, तेही सल्ला म्हणून नव्हे, हळहळ म्हणून. हिममानव फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो, सांताक्लॉज एक दिवसही जास्त नाही. पाइनची फळं चालतात, पण त्यांना सोनेरी रंग असला तर नाताळ. हरणाबद्दल मतभेद आहेत: एकटं हरीण चालतं, गाडीला जुंपलेलं चालत नाही. जुने आइस स्केट्स, छोटी घसरगाडी, बर्चच्या सालीचे ओंडके चालतात. लाल रंग 6 तारखेला बाद होतो आणि फेब्रुवारी लागताच बदामाच्या आकारात पुन्हा पवित्र होतो. लाल बोरं मात्र मधल्या काळातही चालतात, कारण विंटरबेरी नावाच्या झुडपाला ती खरोखरच थंडीत लागतात. हे ऐकून मी लाल फीत कापून टाकली आणि तीच वाळकी रीथ पुन्हा टांगली. बाई दुसऱ्या दिवशी कुत्र्याला घेऊन गेल्या. कुत्राही थांबून बघत होता.

मग मी शोभेच्या वस्तूंच्या दुकानात गेले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे हिवाळा संपलेला असतो. पुढच्या फळ्यांवर बदाम, त्यामागे सेंट पॅट्रिक्सचं हिरवं तिपान, त्यामागे ईस्टरचे ससे. विंटर कुठे, म्हणून विचारलं तर मुलीने प्रसाधनगृहाशेजारच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे सत्तर टक्के सवलतीत नाक नसलेला एक हिममानव आणि द्राक्षवेलींचं रिकामं कडं होतं. मी कडं उचललं. उचलताना मला जे सुचलं ते इतकं सुंदर होतं की मी दुकानातच उभी राहून स्वतःचं कौतुक केलं.

आपल्या कोकणात नवं भात आलं की दाराला ‘नवं’ बांधतात: भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचं फूल. ते माझं माहेर. सासर सांगलीकडचं. तिथे भोगीला बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरीबरोबर राळ्याचा भात. म्हणजे जानेवारी, धान्य आणि दार या तिन्हींवर माझा दोन्हीकडून वारसाहक्क. समोरच्या बाईंनी काय ते स्केट्स टांगावेत; मी संक्रांत टांगणार होते.

कणसं कुठे मिळणार हा प्रश्न होता. एडिसनच्या ओक ट्री रोडवर तीळ, चिकीचा गूळ, उसाची कांडी, गोठवलेला ओला हरभरा, सगळं मिळतं. कणसं नाहीत. ती मला शेवटी मिळाली पाळीव प्राण्यांच्या दुकानात. राळ्याची, अस्सल, पिवळी, मांजराच्या शेपटीसारखी झुलणारी कणसं, पिंजऱ्यातल्या पोपटांचा खाऊ म्हणून विकायला ठेवलेली. भोगीचा राळा इथे पोपट खातात हे सासूबाईंना सांगायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. गल्ल्यावरच्या मुलाने आपुलकीने विचारलं, कोणता पक्षी आहे?

“पक्षी नाही,” मी म्हटलं, “दार आहे.”

त्याने पिशवीत पावती घातली आणि आणखी काही विचारलं नाही. या संवादात मला जे समजायला हवं होतं ते नवऱ्याला, आमच्या कन्येला आणि त्या पोराला समजलं. मी कडं सजवण्यात गर्क होते.

सजावटीत पाइनची फळं हवीत म्हणून मागच्या अंगणातली गोळा केली. ती ओली होती आणि मिटलेली होती. भट्टीत हलकेच शेकली की उमलतात आणि आतले किडेही मरतात. त्यासाठी 200 फॅरनहाइट पुरतं. मी सवयीने केकचं 350 लावलं. राळ वितळली, धूर झाला, घरातल्या सगळ्या धूरघंटा एकमेकींना ओरडून सांगू लागल्या, आणि पुढे पंधरवडाभर आमच्या भट्टीत भाजलेल्या प्रत्येक पदार्थाला टर्पेंटाइनचा वास होता. फळं मात्र सुरेख उमलली. ती मी गरम गोंदाच्या पिस्तुलाने कड्यावर चिकटवली. हा गोंद कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतो. रात्री अपरात्री पायरीवर ‘टक्’ असा आवाज येई आणि नवरा झोपेत म्हणे, “अजून एक.”

बर्फाचं काय? इथे मला माझी दुसरी प्रतिभा सुचली. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मला हलव्याचे दागिने केले होते. हार, बाजूबंद, मुकुट. साखर कोरडी राहिली की वर्षानुवर्षं टिकते. बिस्किटांच्या डब्यात घालून मी ते सातासमुद्रापार आणले होते आणि तेव्हापासून त्यांचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पांढरा, काटेरी, चमकणारा हलवा. हिम म्हणजे तरी दुसरं काय? हार कड्याभोवती गुंडाळला, मुकुट मधोमध बसवला, बाजूबंद दोन बाजूंना.

“मुंग्या,” नवरा म्हणाला.

“जानेवारीत?”

तो गप्प बसला. मुंग्यांच्या बाबतीत मी बरोबर होते, एवढी नोंद इथे व्हावी.

आता टांगायचं कसं? आतल्या दारावर टांगून पाहिलं तर काचेचं दार मिटताना मुकुट चेपला गेला. म्हणून काचेवर बाहेरून टांगायचं ठरलं. रबरी चोषक थंडीने आखडून सुटला. चिकट हूकच्या पाकिटावर लिहिलं होतं की लावताना दहा अंश सेल्सियसच्या वर तापमान हवं. तेवढं आमच्याकडे एप्रिलात होतं. मी चुंबकाचा हूक आणला. तो दाराला टेकवला आणि हात काढला आणि तो पायावर पडला. स्टॉर्म डोअर ॲल्युमिनियमचं असतं, असं नवऱ्याने मला माझ्या अंगठ्याकडे बघत सांगितलं. त्याने स्वतः दोन चुंबक आणले, एक काचेच्या आत, एक बाहेर, एकमेकांना काचेतून धरून ठेवणारे. ते बसले ते असे की काढायची वेळ आली तर काच निघेल. अभियंत्याशी लग्न केल्याचा अभिमान वाटावा असे जे थोडे क्षण असतात त्यांतला तो एक, आणि त्याचे परिणाम पुढे आलेच.

तीन दिवस दार अप्रतिम दिसलं. समोरच्या बाई रस्ता ओलांडून आल्या, “इंटरेस्टिंग” म्हणाल्या. अमेरिकेत राहणाऱ्यांना या शब्दाचं वजन सांगायला नको. मग जानेवारीत मधेच पडते तशी ऊब पडली. पाऊस, धुकं. हलव्याला पाझर फुटला. पाक काचेवरून ओघळत खाली कडीवर आला आणि पार्सल देणाऱ्याचा हातमोजा दाराला चिकटला. तो मोजा सोडून गेला. मुकुट अर्धा झाला. उरलेला अर्धा एका खारीने, भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत, काचेला पाय टेकून, दाण्यादाण्याने, आतला तीळ तेवढा निवडून खाल्ला. माझ्या पहिल्या संक्रांतीचा मुकुट. मी आतून काच वाजवली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाजूबंदाकडे वळली.

पक्षी त्यानंतर आले. आधी जुंको, पाठ पाटीच्या रंगाची आणि पोट पांढरं, थंडीतच येणारे. ते खाली पडलेले दाणे टिपत पायरीवर नाचू लागले. मग चिमण्या. ह्या आपल्याच चिमण्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रुकलिनमध्ये आणून सोडल्या आणि खंडभर पसरल्या. मग हाउस फिंच, नराचं डोकं आणि छाती कुंकवाच्या रंगाची. तेही इथले मूळचे नव्हेत. पश्चिमेकडून धरून आणलेले हे पक्षी न्यूयॉर्कची दुकानं ‘हॉलिवूड फिंच’ म्हणून पिंजऱ्यात विकत. तो धंदा बेकायदा ठरला आणि 1940 मध्ये लाँग आयलंडवर ते सोडून दिले गेले. म्हणजे पायरीवर सगळा बाहेरगावचा समाज जमलेला, आणि खायला राळा. मी पुन्हा दुकानात जाऊन कणसं आणली. त्या मुलाने या वेळी विचारलं, “दार कसं आहे?”

आईला व्हिडिओवर दाखवलं तर ती म्हणाली, “अगो, लोंब्यांचं तोरण बांधलंस, चिमण्या खायच्याच. त्यांच्यासाठीच बांधतात ते.” हे मला तिने इतकी वर्षं का सांगितलं नव्हतं, विचारलं. तिच्या मते ते सांगण्यासारखं नव्हतं.

हळदीकुंकू शनिवारी संध्याकाळी ठेवलं होतं. काळ्या साड्या, त्यांवर गुडघ्यापर्यंतचे कोट, पायांत बर्फाचे बूट, पिशवीत चपला. बाहेर शून्याखाली आठ. घरात पंधरावीस बायका जमल्या होत्या, तीळगूळ, अत्तर, ओटीची बोरं (गोठवलेली), सगळं मांडलेलं. शेवटच्या चौघी एकदम आल्या. पहिलीने काचेचं दार पूर्ण उघडून धरलं, म्हणजे रीथ आता दार आणि भिंत यांच्या बेचक्यात आली. आणि त्या रीथमध्ये कोणी तरी झोपलं होतं.

कॅरोलायना रेन नावाचा एक पक्षी आहे. वीसेक ग्रॅमचा, विटकरी, पांढऱ्या भुवयांचा, शेपटी वर करून बसणारा. कडाक्याच्या थंडीत त्याचा टिकाव लागत नाही, म्हणून रात्री तो आडोसा शोधतो: गॅरेज, टांगलेली कुंडी, दारावरची रीथ. हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की काही तरी तपकिरी अकराव्या दिशेने आलं आणि उजेडाच्या रोखाने थेट दिवाणखान्यात घुसलं.

झुंबरावर बसलं. तिथून पडद्याच्या दांडीवर, तिथून एकीच्या अंबाड्यावर, तिथून तीळगुळाच्या ताटात. वीस ग्रॅमच्या मानाने त्याचा आवाज फार मोठा, आणि आमच्या मंडळातल्या बायकांचा आवाजही काही लहान नाही. एकीने साडीचा पदर डोक्यावर घेतला. एकीने शुभशकुन की अपशकुन हा प्रश्न काढला आणि त्यावर लगेच दोन पक्ष पडले. तळघरातून नवरा हातात टॉवेल घेऊन वर आला. पुरुषाला हळदीकुंकवात मज्जाव, म्हणून तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला आणि तिथून सूचना देऊ लागला. शेवटी माझ्या मुलीने फोनमध्ये पाहून उपाय वाचला: घरातले सगळे दिवे मालवा, दार सताड उघडा, बाहेरचा दिवा लावा, आणि गप्प बसा.

पहिल्या तीन गोष्टी जमल्या. दिवे गेले, दार उघडलं आणि न्यू जर्सीचा जानेवारी आत येऊन बसला. बायकांनी काळ्या साड्यांवर पुन्हा कोट चढवले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पक्षी पुस्तकांच्या कपाटावर कुठे तरी होता. वाट बघून कंटाळा आला तशी कोणी तरी म्हणालं, आपण सुरू तर करू. मी अंधारात हळदीकुंकू लावत फिरले. कुंकू कुठे कुठे लागलं ते नंतर दिवे लागल्यावर कळलं. एकीच्या नाकाच्या शेंड्यावर होतं, आणि जिन्यावर उभ्या नवऱ्यालाही लागलं होतं. गुलाबपाणी शिंपडलं तर लोक शहारले. वाण म्हणून मी बॅटरीवर चालणाऱ्या मेणबत्त्या आणल्या होत्या. एका उत्साही वहिनींनी आपली लावून पाहिली आणि पक्षी थेट त्यांच्या हातावर झेपावला. त्यांनी मेणबत्ती टाकली आणि किंचाळल्या. त्या आवाजाने त्याने जे दार गाठलं ते गाठलंच.

दिवे लावल्यावर सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. पुढच्या वर्षीही तुझ्याकडेच ठेव, असं तिघींनी वेगवेगळं सांगितलं.

रीथ तेव्हाच उतरवायला हवी होती. पण चुंबक निघेनात, आणि नवऱ्याच्या मते घाई करून काच फोडण्यात अर्थ नव्हता. फेब्रुवारीत गल्लीत बदाम आले, मार्चमध्ये तिपान, मग ईस्टरची प्लॅस्टिकची अंडी. आमच्या दारावर राळ्याच्या काड्या, हलव्याचा दोरा आणि दोन पाइनची फळं. एप्रिलच्या सुरुवातीला असोसिएशनचं पत्र आलं. हिवाळी सजावटीची मुदत संपलेली आहे, आणि नियमावलीप्रमाणे घराच्या दर्शनी भागी पक्ष्यांना खाणं घालण्याचं साधन लावता येत नाही. माझ्या कलाकृतीला नाव मिळालं, पण ते ‘साधन’.

पत्र घेऊन आम्ही दाराशी गेलो, नवऱ्याच्या हातात पक्कड. कड्याच्या खालच्या बाजूला, मुकुटाच्या तारेच्या आधाराने, गवताची वाटी विणलेली होती. तीत फिकट निळी, बारीक ठिपक्यांची चार अंडी. फांदीवरून कुंकवाच्या डोक्याचा फिंच आमच्यावर ओरडत होता. साऱ्या गल्लीत त्या आठवड्यात अंडी टांगलेली होती, खरी आमचीच. नवऱ्याने पक्कड खिशात घातली. 1918 चा मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्ट सांगतो की अशा पक्ष्याचं अंडी असलेलं घरटं परवान्याशिवाय हलवता येत नाही, आणि तो केंद्राचा कायदा आहे. माझ्या नवऱ्याला आयुष्यात प्रथमच असोसिएशनच्या वरचा अधिकारी सापडला होता. त्याने रात्री जागून उत्तर लिहिलं. जोडपत्रं होती.

दीड महिना आम्ही गॅरेजमधून ये-जा केली. पार्सलं गॅरेजपाशी. सासूबाई रोज घरट्याचा फोटो मागत. फिंच आपल्या पिल्लांनाही जवळजवळ निव्वळ बियाच भरवतात, किडे-अळ्या नाहीत, हे सांगितल्यावर त्यांनी त्या कुटुंबाला पूर्ण मान्यता दिली. राळ्याचं गुपितही मग मी फोडून टाकलं. “पिल्लांना राळा हलका पडतो,” त्या म्हणाल्या.

असोसिएशनने वाद घातला नाही, एक अर्ज पाठवला: ऋतूबाहेरच्या सजावटीस मुदतवाढ. नवऱ्याने तो स्वच्छ अक्षरात भरला. सजावटीचे साहित्य: द्राक्षवेल, राळा, साखर, अंडी. विजेचा वापर: नाही. मुदतवाढीचे कारण या रकान्यापाशी तो थोडा थांबला आणि मग त्याने लिहिलं, बाळंतपण.

मंजुरी आठवड्यात आली. एक अट होती: पुढच्या हिवाळ्याचा नमुना आधी दाखवावा.